शिक्षक-नेता स्कूल बोर्डावर निवडून येतो, तेव्हा टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतो?

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की घरांपुढच्या हिरवळीवर निवडणुकीच्या छोट्या पाट्या दिसू लागतात. राष्ट्राध्यक्ष, सिनेट वगैरेंची नावं ओळखीची असतात. त्यांच्याच शेजारी स्कूल बोर्डाची एखादी पाटी असते आणि तिच्यावरचं नाव गल्लीत कुणालाच माहीत नसतं. मग टपालाने पत्रकं येतात. एकात उमेदवाराने वीस-पंचवीस वर्षं वर्गात शिकवल्याचं आणि शिक्षकांसाठी लढल्याचं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. दुसऱ्यात त्याच उमेदवारावर 'युनियनचा माणूस' असा शिक्का मारलेला असतो. बहुतेक वेळा दोन्ही पत्रकं खरंच सांगत असतात. तरी मत कुणाला द्यावं हे कळत नाही, कारण बोर्ड नेमकं काय करतं आणि युनियनचा त्याच्याशी संबंध कुठे येतो, हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉयमध्ये राहणारी असंख्य मराठी घरं शाळा बघून घर घेतात, पण ती शाळा चालवतं कोण, इकडे त्यांचं लक्ष जात नाही.

बोर्डाच्या हातात काय असतं

आपल्याकडे बोर्ड म्हटलं की दहावी-बारावीची परीक्षा आठवते. अमेरिकेतल्या स्कूल बोर्डाचा परीक्षांशी फारसा संबंध नाही. देशात सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र स्थानिक संस्था. १९४० च्या सुमारास त्यांची संख्या १ लाख १७ हजारांच्या घरात होती. पुढे लहान डिस्ट्रिक्ट एकमेकांत विलीन होत गेले. बहुतेक ठिकाणी पाच, सात किंवा नऊ जणांचं बोर्ड असतं आणि ते लोक थेट मत देऊन निवडतात.

हे बोर्ड सुपरिंटेंडंट नेमतं. तो डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, रोजचा कारभार त्याच्याकडे. वर्षाचं बजेट बोर्ड मंजूर करतं. कुठली शाळा बंद करायची, कुठल्या दोन शाळा एकत्र करायच्या, हद्दी कुठे आखायच्या, हेही तेच ठरवतं. आणि शिक्षकांच्या युनियनबरोबर झालेल्या करारावर शेवटची मोहोर बोर्डाचीच उमटते. डिस्ट्रिक्टच्या खर्चातला साधारण चार-पंचमांश वाटा पगार आणि आरोग्यविम्यासारख्या लाभांवर जातो, त्यामुळे हा करार म्हणजे बजेटचा गाभाच.

पैसा उभा करण्याचा अधिकार मात्र राज्यागणिक वेगळा आहे. कॅलिफोर्नियात तो फारच तोकडा आहे. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने मालमत्ता कराला वेसण घातली आणि शाळांच्या पैशांच्या चाव्या राज्य सरकारकडे गेल्या. स्थानिक पातळीवर जादा कर लावायचा असेल तर सहसा दोन-तृतीयांश मतदारांची संमती लागते. म्हणून कॅलिफोर्नियातला बोर्डाचा उमेदवार 'शिक्षकांचे पगार वाढवेन' म्हणतो, तेव्हा तो पैसा कुठून आणणार, हा प्रश्न विचारायलाच हवा.

युनियन समोर कशी आली

शिकागोमध्ये १८९७ साली शिक्षकांची एक संघटना उभी राहिली. तिची सूत्रं हाती घेणाऱ्या मार्गारेट हेली शाळेत शिकवणाऱ्या बाई. बोर्डाकडे पगारवाढीला पैसे नाहीत असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी शहरातल्या मोठ्या कंपन्या आपला कर पुरता भरतात का, याचा छडा लावला. कंपन्या कर बुडवत होत्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांना तो भरावा लागला. पुढे १९१५ मध्ये शिकागोच्या बोर्डाने नियमच केला की शिक्षकाने अशा संघटनेत राहायचं नाही. बोर्डाचे एक सदस्य जेकब लोब यांच्या नावाने तो ओळखला जातो. लगेच दुसऱ्या वर्षी, १९१६ मध्ये, त्याच शहरात अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स स्थापन झाली.

म्हणजे ज्या बोर्डावर आज युनियनचे लोक निवडून येतात, त्याच बोर्डाने एकेकाळी युनियनमध्ये असणं हाच गुन्हा ठरवला होता. शिक्षक-नेत्यांना बोर्डाच्या खुर्चीचं एवढं महत्त्व का वाटतं, याचं निम्मं उत्तर या इतिहासात आहे.

सामूहिक वाटाघाटींचा कायदेशीर हक्क फार उशिरा आला. कॅलिफोर्नियात शाळांसाठी हा कायदा १९७५ मध्ये झाला. त्यानुसार दोन्ही बाजूंना आपल्या मूळ मागण्या आधी जाहीर सभेत मांडाव्या लागतात, मगच बोलणी सुरू होतात. संपाचा हक्क सगळीकडे नाही. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये शिक्षक संप करू शकतात. न्यूयॉर्कमध्ये १९६७ च्या टेलर कायद्याने तो बेकायदा आहे.

कायदा काय म्हणतो

आता मूळ मुद्दा. वाटाघाटीच्या टेबलाला दोन बाजू असतात. एकीकडे शिक्षक, दुसरीकडे मालक म्हणून डिस्ट्रिक्ट. युनियनचा नेता बोर्डावर निवडून आला की तो टेबलाची बाजू बदलतो. काल ज्या पगारवाढीसाठी तो घोषणा देत होता, ती परवडते का हे आज त्याने ठरवायचं असतं.

यात हितसंबंधांचा पेच आहे हे उघड आहे आणि कायद्याने त्याची दखल घेतलेली आहे. कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्टच्या नोकराला त्याच डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची निवडणूक लढवायला बंदी नाही, पण शपथ घेण्याआधी नोकरीचा राजीनामा द्यावा लागतो. दिला नाही, तर शपथ घेताक्षणी नोकरी आपोआप संपते. म्हणजे शुक्रवारी वर्गात हजेरी घेणारी बाई सोमवारी बोर्डावर बसू शकते, पण दोन्हीकडे एकाच वेळी नाही. निवृत्त शिक्षकाला किंवा शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये शिकवणाऱ्याला ही अट लागू होत नाही. म्हणून अशा निवडणुकांत निवृत्त शिक्षक बरेच दिसतात.

नोकरी सोडली तरी मैत्री सुटत नाही, निवडणुकीत युनियनने घातलेली मेहनत विसरली जात नाही, हा आक्षेप राहतोच. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण खुर्चीत बसल्यावर प्रत्यक्षात काय घडतं, याचं एक उत्तम उदाहरण लॉस एंजेलिसमध्ये सापडतं.

जॅकी गोल्डबर्ग यांची दोन पर्वं

न्यूयॉर्कनंतर देशातला सगळ्यात मोठा डिस्ट्रिक्ट लॉस एंजेलिसचा. बोर्डावर सात जण, मुदत चार वर्षं. जॅकी गोल्डबर्ग यांची जडणघडण १९६४ च्या बर्कलीतल्या विद्यार्थी आंदोलनातली. पुढे त्यांनी कॉम्प्टनमध्ये शिकवलं. कष्टकरी, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्तीचं ते शहर. १९८३ मध्ये त्या पहिल्यांदा बोर्डावर निवडून आल्या. १९८९ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी नऊ दिवसांचा मोठा संप केला, तेव्हा गोल्डबर्ग बोर्डावर होत्या. आयुष्यभर कामगारांच्या बाजूने बोलणारी बाई तेव्हा मालकाच्या खुर्चीत होती.

मग त्या नगर परिषदेत गेल्या, राज्याच्या विधानसभेत गेल्या, निवृत्त झाल्या. २०१८ मध्ये पाचव्या प्रभागातल्या बोर्ड सदस्याला निवडणूक निधीतल्या गैरव्यवहाराचा गुन्हा कबूल करून पद सोडावं लागलं. जानेवारी २०१९ मध्ये शिक्षकांची युनियन, यूटीएलए, सहा शाळा-दिवस संपावर गेली. तीस हजारांवर शिक्षक, पावसात छत्र्या घेऊन रस्त्यावर. पगारवाढ ६ टक्के मिळाली. वर्गातली मुलांची संख्या कमी करायची आणि प्रत्येक शाळेत पूर्णवेळ परिचारिका द्यायची, हेही ठरलं. ही परिचारिकेची मागणी मला फार बोलकी वाटते. एखाद्या शाळेत आठवड्यातून एखादाच दिवस नर्स येणार असेल, तर दम्याचं मूल उरलेल्या दिवशी कोणाकडे जाणार? हे वर्गात उभ्या असलेल्या माणसालाच रोज दिसतं.

त्या संपाची धग ताजी असतानाच पोटनिवडणूक झाली. युनियनच्या पाठिंब्याने गोल्डबर्ग ७० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकल्या. पण लगोलग जूनमध्ये शाळांसाठी जादा कर मागणारा मेजर ईई हा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि पडला. त्याला साधं निम्मं मतदानही मिळालं नाही, दोन-तृतीयांश तर दूरच. शिक्षकांना पाठिंबा देणारं शहर शिक्षकांसाठी कर भरायला तयार झालं नाही. नव्या बोर्डाला हे वास्तव घेऊनच काम करायचं होतं.

आणि मग मार्च २०२३. गोल्डबर्ग आता बोर्डाच्या अध्यक्ष. संपावर गेले ते बसचालक, भोजनगृहातले कामगार, सफाई कामगार आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे मदतनीस. त्यांची युनियन एसईआययू लोकल ९९. यांची सरासरी कमाई वर्षाला सुमारे २५ हजार डॉलर. लॉस एंजेलिसमध्ये एवढ्या पैशात एका खोलीचं भाडंही जड जातं. शिक्षकही त्यांच्या पाठिंब्याला बाहेर पडले. तीन दिवस शाळा बंद, चार लाखांहून जास्त मुलं घरी. ज्यांचं एकवेळचं जेवण शाळेतच होतं, अशा मुलांसाठी ठिकठिकाणी अन्नाची पाकिटं वाटावी लागली. शेवटी महापौर कॅरन बास मध्ये पडल्या आणि ३० टक्के वाढीवर समझोता झाला. पुढच्याच महिन्यात शिक्षकांनाही टप्प्याटप्प्याने २१ टक्के वाढ देणारा करार झाला.

या घटनेकडे दोन बाजूंनी बघता येतं. युनियनच्या जवळची व्यक्ती अध्यक्ष असूनही संप टळला नाही, म्हणजे खुर्ची माणसाला बदलते, असं काहीजण म्हणतील. करार बऱ्यापैकी लवकर आणि भरघोस झाला, म्हणजे घरचाच माणूस बसला होता, असं दुसरे म्हणतील. मला तिसरीच गोष्ट दिसते. कॅलिफोर्नियात राज्याचा निधी मुलांच्या सरासरी हजेरीवर मिळतो. लॉस एंजेलिसमध्ये एकेकाळी सात लाखांवर मुलं होती, आता ती चार लाखांच्या आसपास उतरली आहेत. महागडी घरं, घटलेले जन्म, चार्टर शाळा (त्या काय असतात ते पुढे येतंच) अशी अनेक कारणं. मुलं कमी होत असताना पगार वाढवायचे, तर पुढे केव्हातरी शाळा बंद करण्याचा किंवा माणसं कमी करण्याचा प्रश्न येणारच. तो प्रश्न उमेदवाराची सहानुभूती कुणाकडे आहे यावर सुटत नाही, आकड्यांवर सुटतो.

पैसा दोन्ही बाजूंनी येतो

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर पण खासगी संस्थेने चालवलेल्या, फी नसलेल्या शाळा. आपल्या अनुदानित शाळांशी त्यांचं थोडंफार साम्य आहे. लॉस एंजेलिसमध्ये त्या दोनशेहून जास्त आहेत. मूल तिकडे गेलं की त्याच्यामागचा निधीही तिकडे जातो, आणि त्यांतल्या बहुतेक शिक्षकांना युनियन नाही. त्यांना परवानगी देणं-नाकारणं बऱ्याच अंशी बोर्डाच्या हाती. म्हणून तिथली निवडणूक हा चार्टर समर्थक आणि युनियन यांच्यातला सामना होऊन बसली आहे.

२०१७ मध्ये बोर्डाचे तत्कालीन अध्यक्ष स्टीव्ह झिमर यांना निक मेल्व्होइन यांनी हरवलं. त्या वर्षी बोर्डाच्या जागांसाठी दोन्ही बाजूंचा मिळून खर्च दीड कोटी डॉलरच्या आसपास गेला. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत तोवर देशात एवढा खर्च झाला नव्हता. चार्टरच्या बाजूने नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांच्यासारख्या धनिकांनी पैसा ओतला, झिमर यांच्यामागे युनियन होती. पत्रकांत कुणी ठळक केली नाही अशी एक गोष्ट: दोघेही पूर्वीचे शिक्षकच. झिमर यांनी अनेक वर्षं हायस्कूलमध्ये शिकवलं. मेल्व्होइन लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या माध्यमिक शाळेत शिकवत असताना मंदीत, नवखे म्हणून, त्यांना नोकरीवरून कमी केलं गेलं आणि सेवाज्येष्ठतेच्या नियमांविरुद्ध ते उभे राहिले. एकाच व्यवसायातून दोन अगदी विरुद्ध भूमिका तयार झाल्या. 'मी शिक्षक आहे' एवढ्यावरून उमेदवार कुठे उभा आहे ते कळत नाही.

युनियनला आणखी एक फायदा मिळत आला आहे तो कमी मतदानाचा. निवडणूक विषम वर्षी, एकटीदुकटी, मार्चमध्ये वगैरे झाली की मतदार फिरकत नाहीत. ज्यांची संघटना आहे, ते मात्र न चुकता येतात. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०१५ मध्येच ठरवलं की ही निवडणूक सम वर्षात, मोठ्या निवडणुकीबरोबर घ्यायची. हा बदल मला योग्य वाटतो. शाळेचा निर्णय दहा-पंधरा टक्के लोकांवर सोडू नये. आणि बदलानंतरही, नोव्हेंबर २०२४ मध्ये, गोल्डबर्ग यांच्या जागी युनियनचा पाठिंबा असलेल्या कार्ला ग्रिएगो निवडून आल्या, त्याही विशेष शिक्षणाच्या शिक्षिका. भरपूर मतदान झालं तरी शिक्षिकेवर लोक विश्वास टाकतात.

त्याच दिवशी शिकागोत उलटा अनुभव आला. तिथे १९९५ पासून बोर्ड महापौर नेमत असत. शिक्षक संघटनेने वर्षानुवर्षं झगडून निवडून दिलेल्या बोर्डाचा कायदा करवून घेतला. महापौर ब्रँडन जॉन्सन स्वतः आधी शिक्षक आणि मग युनियनचे संघटक. पण पहिल्या निवडणुकीत दहा जागांपैकी युनियनच्या उमेदवारांना चारच मिळाल्या. उरलेले सदस्य तूर्त महापौरांनी नेमले, पूर्ण निवडून आलेलं २१ जणांचं बोर्ड २०२७ पासून. महापौर युनियनचा, बोर्ड युनियनचं आणि समोर बसलेलीही युनियन, असं चित्र झालं तर पालकांच्या वतीने 'नाही' कोण म्हणणार, ही शंका तिथल्या मतदारांना आली असावी. मला ती रास्त वाटते.

वर्गातल्या अनुभवाचा उपयोग कुठे होतो

विशेष गरजा असलेल्या मुलासाठी दरवर्षी एक बैठक होते. पालक, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, गरज पडली तर बोलण्याचा सराव देणारे तज्ज्ञ, डिस्ट्रिक्टचा प्रतिनिधी असे सगळे बसून त्या मुलाचा आराखडा ठरवतात. आठवड्याला किती मिनिटं कुणाबरोबर, हे कागदावर येतं आणि ते कायद्याने बंधनकारक असतं. केंद्र सरकारने १९७५ च्या कायद्यात या जादा खर्चाचा ४० टक्के भार उचलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक वर्षी त्याच्या निम्माही उचलला नाही. उरलेला भार राज्यावर आणि डिस्ट्रिक्टवर. त्या बैठकीत वर्षानुवर्षं बसलेल्या शिक्षिकेला ठाऊक असतं की कागदावर तीस मिनिटं लिहिली आणि थेरपिस्टची जागा सहा महिने रिकामी राहिली, तर मुलाला काय मिळतं. बजेटमधली 'रिक्त पदांतून बचत' ही ओळ तिला वेगळी दिसते. बँकेतून किंवा वकिलीतून आलेल्या सदस्याला ही ओळ चांगली बातमी वाटू शकते.

युनियनमध्ये पदाधिकारी राहिलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट येते: शेकडो पानांचा करार वाचणं. आरोग्यविम्याचा खर्च पुढच्या तीन वर्षांत किती चढेल, एक टक्का पगारवाढ म्हणजे एकूण किती, हे त्याने समोरच्या बाजूने हिशोब करून पाहिलेलं असतं.

महाराष्ट्राशी तुलना, आणि इथल्या मराठी पालकांसाठी

आपल्याकडे शिक्षक-नेते निवडून येतात ते विधान परिषदेत. घटनेच्या १७१ व्या कलमानुसार परिषदेच्या सुमारे एक-बारांश जागा शिक्षक मतदारसंघांच्या. महाराष्ट्रात ७८ पैकी ७. तिथे मतदार फक्त माध्यमिक आणि वरच्या स्तरावरचे शिक्षक. प्राथमिक शिक्षकाला मत नाही, आणि गंमत म्हणजे उमेदवार शिक्षकच असावा अशी अटही नाही. शिक्षकांनी निवडलेला आमदार शिक्षकांचे प्रश्न मांडतो, यात पेच काही नाही, ते त्याचं कामच आहे. अमेरिकेत मात्र शिक्षक-नेत्याला निवडतात सगळे रहिवासी, मुलं नसलेलेसुद्धा, आणि तो त्या सगळ्यांना बांधील असतो.

एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या पालकांना साधारणपणे हे मत देता येत नाही. सॅन फ्रान्सिस्को हा एक अपवाद: २०१६ मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार तिथे नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डासाठी मतदान करता येतं आणि २०२३ मध्ये अपील कोर्टाने ते वैध ठरवलं. पण नोंदणीची माहिती इमिग्रेशन खात्याच्या हाती पडू शकते असा इशारा खुद्द शहरच देतं, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय तिकडे वळू नये.

मत नसलं तरी तोंड बंद नाही. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राउन कायद्याने बोर्डाची सभा खुली असते, नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावावी लागते आणि बोलायला नागरिकत्व लागत नाही. वेळ सहसा दोन-तीन मिनिटांचाच मिळतो. बंद दाराआड होते ती वाटाघाटींची चर्चा, पण झालेल्या कराराचा खर्च मंजुरीआधी जाहीर करणं बोर्डाला बंधनकारक आहे. तुमच्याकडे एखादा शिक्षक-नेता उभा असेल, तर उमेदवारांच्या सभेत त्याला विचारा: मागच्या कराराचा तिसऱ्या वर्षीचा खर्च किती होता, मुलं पाच टक्क्यांनी घटली तर पहिली कात्री कशाला लावाल, आणि युनियनच्या मागणीला तुम्ही 'नाही' म्हणाल अशी एक तरी गोष्ट सांगा. हेच तीन प्रश्न त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही विचारा, फक्त तिसऱ्यात युनियनच्या जागी त्याच्या सगळ्यात मोठ्या देणगीदाराचं नाव घाला. ते नाव निवडणूक खर्चाच्या जाहीर नोंदींत सापडतं.